कथेतला इतिहास शोधणारा सत्यशोधक : महात्मा जोतीराव फुले

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रात बळीराजाची आठवण काढली जाते. सर्व पीडा टळाव्यात आणि बळीचे राज्य पुन्हा यावे, अशी कामना आपल्या आया-बहिणी दिवाळीत ओवाळताना पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. पुराणात मात्र हाच बळी दैत्य आहे आणि त्याला पाताळात घालणारा वामन हा देवाचा अवतार आहे. देवाने ज्याला दडपले, त्याचे राज्य परत यावे असे त्याच देवाला मानणारी माणसे का मागतात? ही विसंगती शेकडो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती उघड करून दाखविण्याचे आणि तिच्या आधाराने एक अवघा ग्रंथ उभा करण्याचे धैर्य पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने दाखविले. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांना आपण सर्व जण मुलींची शाळा काढणारे महात्मा म्हणून ओळखतो. या स्मरणिकेत त्यांचे चरित्र देताना आम्ही त्यांच्या आणखी एका कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या पवित्र कथांच्या आधारावर माणसामाणसांत उच्चनीचता ठरविली गेली, त्या कथा त्यांनी इतिहास म्हणून वाचल्या. त्यांनी काढलेल्या शाळा आणि त्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ ही दोन वेगळी कामे नव्हती, असे आमचे मत आहे. ते का, हे त्यांच्या जीवनक्रमावरूनच स्पष्ट होईल.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा भागातील कटगुणचे आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यास येऊन या घराण्याने फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांच्या वाड्यास फुले पुरविली आणि त्यावरून फुले हे आडनाव रूढ झाले. जोतीराव एक वर्षाचेही झाले नव्हते तोच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. वडील गोविंदराव आणि नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. विधवा असलेल्या सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळीत. त्यांना शिक्षणाचे मोल ठाऊक होते.

जोतीराव शाळेत जाऊ लागले, परंतु माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, असे एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले आणि मुलाला शाळेतून काढून शेतावर पाठविण्यात आले. पुढे शेजारचे फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी मुलाची बुद्धी पाहून गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती अशा दोन शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे हा विद्यार्थी शाळेत परतला, ही गोष्ट आमच्या पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. त्याआधी १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

मिशनच्या शाळेत त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्र लाभले. ही मैत्री पुढे सार्वजनिक कार्यातही टिकली. १८४७ च्या सुमारास त्यांच्या वाचनात थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ आला. सर्व माणसे जन्मतः समान हक्कांची धनी असतात, हा विचार त्यांच्या मनात कायमचा घर करून राहिला.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालले असताना, शूद्र असून बरोबरीने चालतो म्हणून त्यांचा अपमान करण्यात आला. घरी आल्यावर वडिलांनी समजूत घातली की, जगाचा रिवाजच असा आहे. हा प्रसंग त्यांच्या सर्वच चरित्रकारांनी सांगितला आहे. आम्हांस त्यातील रिवाज हा शब्द महत्त्वाचा वाटतो. रिवाज कोणी घातला, असे विचारले असता उत्तर मिळे की शास्त्राने घातला. शास्त्राला आधार कशाचा, असे विचारले असता एक कथा सांगितली जाई. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र जन्मले, अशी ती कथा. म्हणजे वरातीतून हाकलून देणाऱ्यांच्या हाती शेवटी एक कथाच होती.

शाळा

त्याच वर्षी, १८४८ मध्ये, जोतीरावांनी पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई त्या शाळेत शिकवू लागल्या. वाटेत त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, तरी त्या थांबल्या नाहीत. समाजाच्या दडपणाखाली १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घर सोडावयास सांगितले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. १८५१ आणि १८५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, महार-मांग मुलामुलींसाठी शाळा निघाल्या, पुढे १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला.

या शाळांत काय घडत होते, याची साक्ष एका विद्यार्थिनीने ठेविली आहे. मांग समाजातील मुक्ता या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या पत्रात प्रसिद्ध झाला. वेद पाहण्याचाही ज्यांना अधिकार नाही, त्यांचा धर्म तरी कोणता समजावा, असे तिने त्यात विचारले होते. थोड्याच वर्षांच्या शिक्षणाने एक मुलगी त्या काळच्या पंडितांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारू शकली. जोतीरावांची शाळा अक्षरे शिकवी आणि त्याबरोबर प्रश्न विचारावयासही शिकवी. 'गुलामगिरी' हा ग्रंथ पुढे अठरा वर्षांनी आला, परंतु त्याचे बी याच वर्गांत पेरले गेले होते.

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. येणाऱ्या स्त्रियांत ब्राह्मण विधवा पुष्कळ असत. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ब्राह्मणांवर त्यांनी जी कठोर टीका केली ती वाचताना हा हौद आणि हे गृह विसरून चालणार नाही. त्यांचे भांडण माणसांशी नव्हते, माणसांना जन्मावरून वर-खाली बसविणाऱ्या व्यवस्थेशी होते.

जुना वाद : रूपक की इतिहास?

'गुलामगिरी' समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पवित्र कथा अक्षरशः खऱ्या मानाव्यात, रूपक समजाव्यात की इतिहास म्हणून वाचाव्यात, हा वाद इंग्रजांनी येथे आणलेला नाही. यास्कांच्या 'निरुक्त' या दोन हजार वर्षांहून अधिक जुन्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. इंद्राने मारलेला वृत्र कोण, असा तेथे प्रश्न आहे. नैरुक्त म्हणत, वृत्र म्हणजे मेघ. पाणी आणि तेज यांच्या संयोगाने पाऊस पडतो, त्यालाच युद्धाची उपमा दिली आहे. ऐतिहासिक म्हणत, वृत्र हा त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर होता. म्हणजे वैदिक परंपरेतील पंडितांनाही कथेचा एकच अर्थ मान्य नव्हता.

जोतीरावांच्या काळी हा वाद नव्याने पेटला होता. मिशनरी अवतारकथांची खिल्ली उडवीत. युरोपातील काही पंडित देवतांच्या कथांत सूर्य, उषा आणि मेघ पाहत. मॅडम ब्लाव्हॅट्स्की यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात सृष्टीतील जीवांच्या विकासाची पायरी पाहिली. सुशिक्षित लोकांना हा अर्थ फार आवडला आणि आजही तो पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. भक्तांनी वामनकथेत अहंकाराचा त्याग आणि आत्मसमर्पण पाहिले. भागवतात तर बळीचे सर्वस्व घेणारा विष्णूच पुढे त्याच्या दारी पहारा करतो. पुरुषसूक्तातील वर्णोत्पत्तीबद्दलही असेच सांगितले जाते की, समाज हा एक देह आहे आणि वर्ण हे त्याचे अवयव आहेत, एवढेच त्या रूपकाचे तात्पर्य.

रूपकात सौंदर्य असते आणि कित्येकांना त्यातून समाधानही मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जोतीरावांच्या जीवनाकडे पाहिले की रूपकाची मर्यादा दिसते. पायांतून जन्मलेला शूद्र हे केवळ रूपक असेल, तर त्या रूपकाने माळ्याच्या मुलाला शाळेतून कसे काढले? देहाचा एक अवयव ही केवळ उपमा असेल, तर त्या उपमेने महाराच्या मुलाला पाण्यापासून दूर का ठेविले? जी कथा माणसाच्या जगण्यात कायदा होऊन वावरते, तिला कायद्यासारखाच जाब विचारावा लागतो. ती कोणी केली, केव्हा केली आणि तिच्यामुळे कोणाचा लाभ झाला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. जोतीरावांनी ते विचारले.

'गुलामगिरी'

हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटून दास्य नष्ट केले, त्यांना तो अर्पण केलेला आहे. प्रस्तावना इंग्रजीत असून मुख्य ग्रंथ मराठीत, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. सोळा भागांचा हा संवाद पंडितांच्या सभेतील नाही. दोन साधी माणसे एकेक कथा समोर ठेवून तिची छाननी करीत आहेत, असे वाचकाला वाटत राहते. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या कानाला ओळखीची वाटावी अशी ही भाषा आहे.

छाननीची पहिली कसोटी साध्या अनुभवाची आहे. मनूच्या मते ब्रह्मदेवाच्या अवयवांतून चार वर्ण निघाले असतील, तर इंग्रजांसारखे लोक कोठून आले, असा प्रश्न आरंभीच उपस्थित होतो. मनुष्य आणि मासा यांच्या शरीरात, आहारात आणि जन्मात एवढा फरक असताना मत्स्यावतार कसा संभवतो? वामनाने एका पावलात सारी पृथ्वी व्यापली असेल, तर त्या पावलाखाली किती गावे चिरडली गेली? दुसरे पाऊल आकाशात ठेवले तेव्हा ताऱ्यांचे काय झाले? अशा प्रश्नांपुढे कथेचा अक्षरार्थ टिकत नाही.

येथेच थांबले असते तर जोतीराव हे केवळ कथांची थट्टा करणारे एक लेखक ठरले असते. परंतु ते पुढे गेले. कथा अशक्य असली, तरी ती उगाच जन्मलेली नाही, तिच्या पोटात काही घडलेले असले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी अवतारांचा एक इतिहास मांडला. त्यांच्या मते इराणी अथवा आर्य लोकांच्या टोळ्या या देशात आल्या आणि त्यांनी येथील मूळच्या लोकांना जिंकले. मत्स्य हा लहान, चपळ गलबतांतून समुद्रमार्गे आलेल्या टोळीचा नायक, म्हणून त्याला माशाचे नाव पडले. त्यामागून आला तो कच्छ आणि नंतर वराह. नरसिंह हा सिंहाचे सोंग घेऊन खांबाआड लपलेला आणि हिरण्यकश्यपूचा कपटाने वध करणारा मनुष्य. परशुराम हा एकवीस वेळा स्वाऱ्या करून येथील क्षत्रियांचा उच्छेद करणारा क्रूर सेनानी, आणि क्षत्रिय म्हणजे या क्षेत्राचे मूळ रहिवासी.

या इतिहासाच्या मध्यभागी बळीराजा आहे. जोतीरावांनी त्याला न्यायी आणि प्रजावत्सल राजा म्हणून उभे केले. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा, भैरोबा ही महाराष्ट्राच्या गावोगावची दैवते त्यांनी बळीच्या राज्यातील अधिकारी म्हणून ओळखली. खंडोबा हा नऊ खंडांचा न्यायी, म्हसोबा हा महासुभ्याचा अधिकारी, असे अर्थ त्यांनी लावले. दसरा, दिवाळीतील प्रतिपदा आणि भाऊबीज या सणांतील चालीरीतींत त्यांना बळीच्या पराभवाच्या आणि त्याच्या परत येण्याच्या आशेच्या खुणा दिसल्या. ग्रंथात पुराण आहे आणि जात्यावरचे, उंबरठ्यावरचे, शिवारातले लोकाचारही आहेत. पोथी ज्यांच्या हाती होती त्यांनी आपली बाजू लिहून ठेविली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपली बाजू सणांत आणि देवळांत जपली, असे जोतीरावांनी दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परशुराम चिरंजीव आहे अशी समजूत असल्यामुळे जोतीरावांनी ग्रंथात त्याच्या नावे एक जाहीर पत्र घातले. चिरंजीव असल्यास त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी त्यात मागणी आहे. वरवर पाहता हा विनोद आहे, पण त्यातील तत्त्व गंभीर आहे. जो दावा आजच्या माणसाला बांधतो, त्याने आजच्या पुराव्यापुढे उभे राहिले पाहिजे.

मर्यादा आणि सामर्थ्य

जोतीरावांचा गौरव करताना त्यांचे प्रत्येक विधान अंतिम मानणे हे त्यांच्याच शिकवणीविरुद्ध होईल. आर्यांच्या आक्रमणाचे मत त्या काळच्या युरोपीय विद्वत्तेतून आले होते आणि जोतीरावांनी ते आपल्या लढ्यासाठी उलट्या बाजूने वापरले. 'महार' म्हणजे महान अरी, यांसारख्या त्यांच्या शब्दव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत. वामनकथा हळूहळू घडत गेल्याचेही ग्रंथांवरून दिसते. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत, परंतु तेथे ठेंगू बटू नाही आणि बळीही नाही. शतपथ ब्राह्मणात विष्णू वामनरूप आहे आणि देव असुरांकडून पृथ्वी मिळवितात, तरी बळीचे नाव तेथे नाही. बळीची कथा महाभारतात आणि पुराणांत येते. एका मूळ प्रसंगाची ही सरळ नोंद नव्हे, अनेक शतकांत थरावर थर चढत गेलेली ही रचना आहे.

स्वतः बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शूद्रांच्या उगमावरील आपल्या ग्रंथात आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत तपासला आणि नाकारला. तरीही तो ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे ते मानीत. गुरूचे उत्तर नाकारूनही गुरूचा प्रश्न पुढे नेता येतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मग 'गुलामगिरी'तून आज काय उरते? आमच्या मते तीन कसोट्या उरतात. सांगितलेली गोष्ट निसर्गात घडू शकते काय, ही पहिली. ती सांगितल्याने कोणाचा अधिकार वाढतो, ही दुसरी. आणि ज्यांच्याविषयी ती सांगितली गेली, त्यांच्या घरात, सणांत आणि बोलण्यात तिची वेगळी आठवण शिल्लक आहे काय, ही तिसरी. तपशील चुकला तरी कसोटी चुकत नाही. केरळातही ओणमच्या दिवशी महाबली राजा आपल्या प्रजेस भेटावयास येतो असे मानतात आणि त्याच्या स्वागतासाठी अंगणे फुलांनी सजवितात. पराभूत राजाविषयीचे हे प्रेम दोन दूरच्या प्रांतांत टिकून राहिले आहे. पराभूताची आठवण लोक कशी जपतात, हा जोतीरावांनी उभा केलेला प्रश्न त्यामुळे अधिकच सबळ होतो.

सत्यशोधक समाज आणि अखेरची वर्षे

'गुलामगिरी' निघाल्यावर काही महिन्यांतच, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीरावांनी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, ही त्याची मुख्य शिकवण. ग्रंथातील विचार आचरणात यावा म्हणून त्याच वर्षी भटजीवाचून लग्ने लावण्यास आरंभ झाला. मुहूर्त, दक्षिणा आणि न समजणारे मंत्र यांच्या जागी वधूवरांनी परस्परांना दिलेली वचने आली.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला दाखवून दिले की, खजिना शेतकऱ्याच्या साऱ्यावर भरतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, अशी त्यांची मागणी होती. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे एकामागून एक मांडली. त्यातही अविद्येला त्यांनी पहिले स्थान दिले.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहावयास आरंभ केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जोतीराव सृष्टीचा एक निर्मीक मानीत. या बाबतीत बुद्धाच्या धम्माचा आणि त्यांचा मार्ग एक नाही, हे आम्ही येथे स्पष्ट नमूद करतो. परंतु त्याच पुस्तकात त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे की, ज्यात पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, पती बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी राहतो आणि तरीही सर्व जण एका घरात प्रेमाने नांदतात. ज्यांनी पवित्र कथांची इतकी कठोर छाननी केली, त्यांनीच धर्म निवडण्याचे इतके मोठे स्वातंत्र्य दिले. या दोन गोष्टींत विरोध नाही. वाचून आणि तपासून स्वीकारलेला धर्म हाच त्यांना माणसाचा खरा धर्म वाटत होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेविला. त्यांचे कार्य सावित्रीबाईंनी पुढे चालविले. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांनाही त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

आमच्या मुलांसाठी

या शाळेत येणारी मुले अनेक घरांतून येतात. कोणाच्या आजीला वामनाची कथा तोंडपाठ असते, कोणाच्या घरी खंडोबाचा टाक असतो, कोणाच्या घरी केवळ बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतली की बळी चांगला होता की वाईट, हा वाद वसतिगृहात हटकून होतो. अशा वेळी सर्व कथा खोट्या आहेत असे सांगून मुलांना गप्प बसविणे सोपे असते, आणि सर्व कथा पवित्र आहेत असे सांगून गप्प बसविणेही तितकेच सोपे असते. दोन्ही उत्तरांनी मुलाचा प्रश्न मरतो. जोतीरावांनी धोंडीबाला एकदाही गप्प बसविले नाही. शंका विचारू दिली, तिचे उत्तर दिले आणि पुढची शंका येऊ दिली.

ही कसोटी केवळ दुसऱ्यांच्या कथांना लावावयाची नाही, हेही आमच्या समाजाने लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. विष्णूच्या अवतारांत बुद्धाची गणना करणारी कथा आपण नाकारतो, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तो नकार आहे. परंतु बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहिले म्हणून गृहत्याग केला, ही बौद्धांनी शतकानुशतके भक्तीने सांगितलेली कथा त्यांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा आणि मृत्यू पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटण्याजोगे वाटले नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा पुढे मांडला. धर्मानंद कोसंबी यांनीही त्याआधी याच दिशेने विचार केला होता. चार दृश्यांची कथा रूपक म्हणून आजही मनाला भिडते. पण मुलाने खरे काय घडले असे विचारले, तर त्याला रूपक आणि इतिहास यांतील फरक सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आता स्वतः पालक आहेत, शिक्षक आहेत, अधिकारी आहेत. त्यांच्या मुलांपुढे आता पोथीशिवाय पडद्यावरच्या, मालिकांच्या आणि मोबाईलवरच्या कथाही येतात. त्यांत आपल्या बाजूच्या म्हणून आपल्याला आवडणाऱ्या कथाही पुष्कळ असतात. त्या प्रत्येकीस जोतीरावांच्या तीन कसोट्या लावाव्यात, एवढीच आमची विनंती आहे. येत्या प्रतिपदेला घरी बळीराजाचे नाव निघाले की शेजारी बसलेल्या मुलाला विचारावे, हा राजा कोण असेल असे तुला वाटते आणि ते कशावरून वाटते? त्याचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे आले तरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.